चोवीस इंची, एकशे चव्वेचाळीस

"आई, सत्तावीस इंची घे म्हणतो ना! त्याच भावात तीन इंच जास्त देऊन राहिलाय हा इरफान!"

"इंच मोजायला मी काय पडद्याचं कापड घेऊन राहिले का?"

"अगं, पण तुला गेमिंगचा लागतो कशाला? पंच्याहत्तर हर्ट्झ लई झालं!"

"मला एकशे चव्वेचाळीसच पाहिजे."

हिंगोलीच्या बसस्टँडजवळ, इरफानच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा मुलगा मिलिंद आणि मी असे भिडलो होतो. इरफान दोन खोक्यांच्या मधे उभा! मॉनिटर नातीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, आणि कोणता घ्यायचा हे मीच ठरवणार होते. गोष्ट एवढीच. पण ती ऐकून लोक जे जे बोलतात, त्याचे किस्से अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनसारखे पसरत जातात. एक आवरावा, तर दुसरा सांडतो.

नात प्रज्ञा नांदेडला होस्टेलवर गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. वाचायला मी दुकानांच्या पाट्या बघून शिकले, शिवायला जुने झंपर उसवून. हेही बटणं दाबून शिकले. त्यात ट्रक चालवायचा एक गेम निघाला. दुपारी शिलाई आवरली की मी दार लोटते आणि निघते. परमुलखातला रस्ता. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधेच तळं, तळ्यावर धुकं. चहा गार होतो, मी तिकडेच असते. फक्त वळणावर झाडं तुटक पळायची.

प्रज्ञाला फोन लावला. म्हणाली, "आज्जी, आपला पडदा सेकंदाला साठदा चित्र नवं करतो. एकशे चव्वेचाळीसदा केलं की सलग दिसतं. त्यालाच रिफ्रेश रेट म्हणतात, हर्ट्झमधे मोजतात."

"म्हणजे टाका बारीक घ्यायचा! गळ्याचा गोल लांब टाक्यांनी शिवला की कोपरे पडतात."

प्रज्ञा म्हणाली, "व्हय, पण आतल्या ग्राफिक्स कार्डानंही तेवढी चित्रं दिली पाहिजेत. आपलं देतं, गेममधल्या चित्रांची सजावट थोडी कमी ठेव. अन् आज्जी, ते गळ्याचं परत सांग, लिहून घेते!"

माझी मैत्रीण शांताबाई एकदा शेजारी येऊन बसली. घाट लागला तसा तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला, पदर कानावरून घेतला.

"काच वर कर वं, वारा लागून राहिला!"

मी वेग कमी केला. बाहेर झाडं, झाडांमागं संध्याकाळ. शांताबाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "जवळा बाजारचा थांबा आला की उठव."

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ह्या डोळ्याला साठ अन् एकशे चव्वेचाळीसमधला फरक दिसंल का?"

त्या हसल्या. "आजी, बाकीच्या बाया विचारतात, सुई ओवता येईल का?"

"सुई तर मी ऑपरेशनाआधीही ओवत होते!"

इरफाननं सांगितलेला एक किस्सा. पुसेगावचं गिऱ्हाईक महिन्यानं मॉनिटर काखेत मारून भांडायला आलं. "फसवलं तुमी! जुन्यावानीच दिसतो!" इरफाननं जोडून सेटिंग उघडलं, तर एकशे चव्वेचाळीसचा पडदा साठवरच चालत होता! एकशे चव्वेचाळीसवर करून दिलं.

"अब बराबर?"

"बराबर... पण जरा धुरकट हाय."

इरफाननं नखानं पडद्यावरचं प्लास्टिक उचललं, तसा गडी केवढ्यानं ओरडला, "अरे, काढू नको! नवा हाय तो!"

हे सगळं मी मिलिंदला ऐकवलं होतं. तरी त्या दिवशी तो सत्तावीस इंचीवरून हलेना. शेवटी इरफाननं दोन्ही पडदे शेजारी शेजारी लावले आणि माऊसचा बाण गरागरा फिरवला. "देखो अम्मा."

मोठ्या, पंच्याहत्तरच्या पडद्यावर बाणामागं बाण सुटे सुटे उमटत होते. चोवीस इंचीवर तो तळ्यातल्या माशासारखा वळत होता. मी बोट ठेवलं.

"मला तर दोन्ही सारखेच दिसून राहिले!" मिलिंद म्हणाला. मग जवळ आला, आवाज खाली केला. "आई, लोक हसतील. सत्तरी ओलांडली तू. काहून एवढा आटापिटा? कुठं जायचंय तुला?"

मी इरफानला चोवीस इंचीचं खोकं बांधायची खूण केली आणि मिलिंदला म्हणाले,

"घाटाच्या तोंडाशी ट्रक उभा करून आलेय मी, पल्याड बर्फ पडून राहिलाय, अन् जन्मातला पहिला बर्फ मी तुटक-तुटक पडताना बघणार न्हाई!"