धारच्या संग्रहालयातलं सुधाचं चित्र

देवासहून सकाळी सातच्या बसने आम्ही निघालो. इंदूरला बस बदलून धार. सुधा माझी कलाशाळेतली मैत्रीण, देवासच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. धारला नव्याने उघडलेल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तिचं एक चित्र मागून नेलं होतं. ते भिंतीवर लागलेलं बघायला मी पुण्याहून यावं, हा तिचा हट्ट.

"लग्नातसुद्धा एवढी नटले नव्हते गं," महेश्वरी साडीच्या निऱ्या सारख्या करत ती म्हणाली. चित्र बघून मांडूला जायचं ठरलं होतं. वाटेत गव्हाची कापणी चालू होती.

संग्रहालय थंडगार, पांढरंशुभ्र आणि रिकामं. पहिल्या दालनात गंजक्या सायकलींचा ढीग. तो रचणाऱ्याचं नाव भिंतीवर वीतभर अक्षरांत. सुधाचं चित्र शेवटी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. इस्पितळाच्या पायऱ्यांवर ताटकळत बसलेल्या सहा बायका; त्यांतली एक तिची आई. खाली पट्टी होती: 'मालवा का लोकजीवन. कलाकार अज्ञात.'

सुधाने ती दोनदा वाचली. मग पहारेकऱ्याला म्हणाली, "भिया, ये मेरा बनाया हुआ है. पीछे नाम लिखा है, पलटकर देख लो."

"हाथ मत लगाना, माताजी."

व्यवस्थापक आले. "अर्जी दे दीजिए, कमेटी देखेगी," एवढं बोलून मोबाइलकडे वळले.

सुधाने पर्समधून पेन काढलं, 'अज्ञात'वर काट मारली आणि शेजारी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पहारेकरी धावला. त्याने पट्टीच उपटून खिशात घातली.

सुधाने माझ्याकडे पाहिलं.

"चल," मी म्हणाले, "तमाशा नको."

बाहेर दाल-बाफले (उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) मागवले. तिने एक फोडला आणि तसाच ठेवला. मांडूचं नाव दोघींनीही काढलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. इंदूर आलं तेव्हा म्हणाली, "वो तो पराये थे. चित्र कुणाचं आहे ते तुला तर माहीत होतं ना?"

पुण्याला आल्यावर मी संग्रहालयाला सविस्तर पत्र लिहिलं, प्रत सुधाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तिने ती वाचली; उत्तर दिलं नाही. पत्रातली भाषा चांगली कडक आहे. त्या खोलीत चार शब्द पुरले असते.