न मोजलेलं तापमान

पाताळगंगेकाठच्या एका रसायन कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. तीन कार्बनचं चिमुकलं कडं, सायक्लोप्रोपेन, आणि त्याला चिकटलेले दोन ब्रोमीन. तापवलं की ते ताणलेलं कडं तुटतं आणि औषधासाठी लागणारा पदार्थ मिळतो. ते किती वेगाने तुटतं, हे मला मोजायचं होतं. ऐंशी, नव्वद आणि शंभर अंशांना मोजलं. एकशे दहाचं राहिलं.

"आलेखावर तीन बिंदू एका रेषेत आहेत ना? मग रेष पुढे वाढवा," साहेब म्हणाले. "सोमवारी प्लांटवर घ्यायचंय."

मी रेष वाढवली, सही केली. जबरदस्ती कुणी केली नव्हती. मुलीची दहावी होती, मलाही कामोठ्याला लवकर घरी जायचं होतं.

प्लांटमध्ये माल तापवायच्या मोठ्या भांड्यावर, रिॲक्टरवर, उरणचे एक कोळी काका ऑपरेटर होते. सोमवारी दुपारी वाफेचा व्हॉल्व्ह नीट बसला नाही आणि तापमान शंभरच्या पुढे चढलं. माझ्या रेषेप्रमाणे माल आवरायला हाताशी तासभर होता. पण तेवढ्या उष्णतेला आम्लाचा वायू सुटतो आणि तोच कडी आणखी वेगाने तोडतो, हे मला ठाऊकच नव्हतं; प्रत्यक्षात काही मिनिटंच मिळाली. काकांनी ओरडून खालच्या तिघांना बाहेर काढलं, थंड पाणी सोडलं. तोवर झाकणाच्या कडेने आलेला धूर त्यांच्या छातीत गेला होता.

महिन्याने मी त्यांच्या घरी गेले. ते तीन उशांना टेकून बसले होते.

"काका, वरच्या तापमानाला मी मोजलंच नव्हतं. अंदाजाने लिहिलं."

दम गोळा करत ते म्हणाले, "मला वाटलं माजाच हात उशिरा पोचला. महिनाभर तेच डोक्यात हाय."

"मंग आधी का नाय सांगितलं?" त्यांची बायको म्हणाली.

कारखान्याच्या अहवालात अपघाताचं कारण 'ऑपरेटरची दिरंगाई', म्हणजे काकांचीच चूक, असं आलं. तेव्हा मी थोड्याशा मालावर, काचेआडून, एकशे दहाला प्रयोग केला. वेग माझ्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. तो कागद आणि माझी कबुली मी सरकारी निरीक्षकांकडे पाठवली. नोकरी गेली.

'दिरंगाई' हा शब्द अहवालातून अखेर खोडला गेला, पण तोवर काका गेले होते. मी दारात उभी राहून नवा अहवाल त्यांच्या बायकोला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"हे त्यांना ऐकायचं व्हतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.