मागचा खांब पुढे

"काऊन नाही बनत? कागदावर तर बनलाय ना!" ओव्हरसिअर साहेब कालव्याच्या काठावर ओरडत होते. समोर सुकरूमिस्त्री ब्ल्यूप्रिंट धरून उभा. चोरखमारा तलावाच्या कालव्याचं गेट उचलायला लाकडी सांगाडा हवा होता. धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी सोडायचं होतं आणि तीन दिवस सांगाडा होत नव्हता. साहेबांनी निकाल देऊन टाकला, "इसको नक्शा समझताच नहीं. उद्यापासून दुसरा मिस्त्री."

मी ऑफिसातला ट्रेसर. म्हणजे पेन्सिलच्या नकाशावर पारदर्शक कापड टाकून शाईने रेघा ओढणारा; त्यावरूनच ब्ल्यूप्रिंट निघे. कष्टकऱ्यांच्या हक्कांची पत्रकं वाचून वाढलेला. माझं डोकं तापलं.

"साहेब, त्याचं ऐकून तर घ्या!"

"ऐकाले काय हाय बाबू, पाहूनच घ्या," सुकरू म्हणाला. त्याने तुरीच्या चार काड्या चिखलात रोवल्या, वरून आडव्या बांधल्या. "हा खांब मागचा. पण कागदावर तो पुढच्या तुळईच्या पुढून वर जाऊन राहिला. माणूस घरात बसला आन् त्याचं डोकं अंगणात, असं होते काय?"

मी काड्या पाहिल्या. कागद पाहिला. पुन्हा काड्या. नकाशाचा खालचा भाग झाकला, तर वरचा बरोबर. वरचा झाकला, तर खालचा बरोबर. दोन्ही मिळून मात्र अशी वस्तू जगात असूच शकत नव्हती! आणि तो कागद चार टेबलांवरून सह्या घेऊन आला होता.

आता साहेबांना चांगलं सुनावावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसाच थांबलो. पेन्सिलच्या नकाशात सगळ्या रेघा आरपार असतात. शाई भरताना पुढच्या लाकडाची रेघ अखंड ठेवायची, मागच्याची तोडायची. त्या एका जागी मी उलटं केलं होतं.

"साहेब, चूक माझी आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहून देशील?"

"देतो. पण मिस्त्रीला काढायचं नाही."

"लिहाचं मंग पाहा बाबू," सुकरू म्हणाला, "आधी रेघ सुधरवा. बांधीत धान वाळून राहिलं."

मी तिथेच रेघ बदलली. दोन दिवसांत सांगाडा उभा राहिला, सुकरूच्याच हातचा. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

तेव्हापासून एक शिस्त पाळतो. ज्याला ती वस्तू उभी करायची आहे, त्याने होकार दिल्याशिवाय मी नकाशा पुरा झाला असं धरत नाही.