मामांचं टंगस्टन

"हातात घ्या अगुदर. बघायचं नंतर."

आमच्या भूजलाच्या कार्यालयात कुणीही नवं आलं की मामा त्याच्यापुढे एक काळा दगड धरायचे. दगड लिंबाएवढा, पण हातात पडला की मनगट खाली जायचं. समोरच्याचा चेहरा बदलला की मामा खूश. "टंगस्टन हाय ह्याच्यात. बल्बातली तार जळती ना, ती ह्याचीच." मग दगड सदऱ्याला पुसून पुन्हा खांद्यावरच्या शबनममध्ये.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं पद कुणाला धड ठाऊक नसतं आणि ज्याच्यावाचून गाडी निघत नाही. मामा कागदोपत्री मदतनीस होते. विहिरीची जागा पाहायला आम्ही गावात गेलो की साहेब पुढच्या सीटवर असायचा, पण गावकरी मागचं दार उघडायला धावायचे.

मामा मूळचे पालमकडचे. तरुणपणी नागपूरच्या पलीकडे एका लहानशा खाणीत लागले होते. इंग्रजांनी लढाईच्या दिवसांत पोलाद कणखर करायला टंगस्टन हवं म्हणून ती खोदली, गरज संपल्यावर सोडली, पुढे कुणीतरी पुन्हा उघडली.

"तिथला खडक लय जुना, साहेब. भेगाळलेला. खालून उकळतं पाणी त्या भेगांत चढलं, थंड झालं, अन् पांढऱ्या गारगोटीची शीर झाली. त्या शिरेत हा काळा बसलेला."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडं नुसत्या भाकरी. लाव्ह्याची एक भाकर, तिच्यावर दुसरी. चारठाण्यापासून पालमपर्यंत सगळा जिल्हा उकरला तरी हा घावायचा न्हाई."

खाण बंद कशी पडली, हेही त्यांनीच सांगितलं. शीर बारीक होत होत बोटाएवढी झाली. खाण चालवायची की नाही हे ठरवायला दगडांचे नमुने तपासणीला जायचे होते, आणि नमुन्याची पोती मामा भरायचे. बरोबरीचे लोक म्हणाले, जुने चांगले दगड घाल चार, वर्षभर तरी पोट चालेल. मामांनी घातले नाहीत. खाणीला कुलूप लागलं.

"सख्खा मेव्हणा बोलायचा बंद झाला, साहेब. पण जे न्हाई ते हाय कसं म्हणावं?"

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलं असूनही मी जे केलं, ते आता सांगतो.

तेव्हा मला नोकरीत वर्षही झालं नव्हतं. झरीच्या अलीकडच्या एका गावात बौद्ध वस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची विहीर घ्यायची होती. वस्तीतल्या बायका लांबून हंडे आणत. एका शेतकऱ्याने बांधाकडेची जागा तोंडी देऊ केलेली. मी एक ठिकाण दाखवलं. मामांनी सरपंचांदेखत मान हलवली. "तितं न्हाई लागायचं, साहेब." दहा पावलं सरकून त्यांनी खुंटी ठोकली. पंधरवड्याच्या खोदकामात तिथे ओल दिसू लागली, आणि माझा जळफळाट झाला.

पुढच्या फेरीला मामा चहाला गेले, शबनम जीपमध्येच होती. मी त्यांचा दगड काढला आणि उपसलेल्या मुरमाच्या ढिगात खुपसला. म्हटलं, आता मामा 'टंगस्टन, टंगस्टन' म्हणून नाचतील आणि मी सगळ्यांसमोर हसेन. एवढीच अक्कल.

दगड मामांच्या आधी एका मजुराच्या हाती लागला. "आरं, ह्यो तर लोखंडावानी जड हाय!" दगड हातोहात फिरला. सरपंच म्हणाले, "मामा सांगतात त्योच दिसायलाय. लय महाग असंल." जागा देणारा शेतकरी पुढे झाला. "काम थांबवा."

"दादा, तुमी शब्द दिलाव," वस्तीतला एक जण म्हणाला.

"शब्द विहिरीचा व्हता. खाणीचा न्हाई. अन् कागद तर झालेलाच न्हाई."

तेवढ्यात मामा आले. दगड हातात घेतला मात्र, त्यांनी ओळखला. मी जमिनीकडे पाहत होतो.

"माझा हाय ह्यो."

"मग ढिगात कसा गेला? कुणी घातला?"

मी तोंड उघडायला हवं होतं. वेळ होता. मामाही थांबले होते, असं मला अजून वाटतं.

"मीच घातला," ते म्हणाले. "गंमत केली. इथं पाण्याबिगर काय बी न्हाई. खणा तुमी."

"म्हातारपणी ही थेरं, मामा? सरकारी माणूस ना तुमी?" सरपंच कडाडले. मामांनी सगळ्यांपुढे हात जोडले. कुदळी पुन्हा चालू झाल्या.

स्वतःची खाण वाचवायला जो माणूस खोटं बोलला नाही, तो दुसऱ्यांच्या विहिरीसाठी बोलला. आणि ते खोटं माझ्या वाटणीचं होतं.

मामांना लेखी खुलासा द्यावा लागला. गोष्ट गावोगाव गेली. "मामा, आज कुठं पेरलं?" आमचा ड्रायव्हर भर चावडीवर विचारायचा आणि लोक खिदळायचे. मीही हसायचो. मागचं दार उघडायला कुणी धावेनासं झालं. मामांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. उलट पाझराचा थर कसा ओळखायचा, बोअरचा चुरा बोटांत कसा चोळायचा, हे मला पूर्वीसारखंच शिकवत राहिले. आज मला जे येतं ते बहुतेक त्यांचं आहे. ते निवृत्त झाले त्या दिवशी बोलायचं ठरवून मी हार घेऊन पुढे गेलो, आणि हार घालून मागे आलो.

मामा वारल्याचं यंदा पालमहून कळलं. मी त्या वस्तीवर गेलो. विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती. खोदकामात मातीच्या पाट्या वाहिलेली बाई ती. तिला सगळं सांगून टाकलं. तिने दोर हातात धरूनच ऐकलं.

"हे त्यायला सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायलाव, बाबा? मी कवा हसले त्यायला? जितं हसत व्हते तितं जाऊन सांगा."

सोमवारी कार्यालयात चहाच्या वेळी मी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं. ड्रायव्हर, कारकून, जुने सगळे केव्हाच निवृत्त झालेले. समोरची तरुण मंडळी कप हातात घेऊन अदबीने ऐकत होती. माझं संपल्यावर नवी आलेली मुलगी संकोचून म्हणाली,

"सर, पण मामा म्हणजे कोण?"