आबांचं घर, आईच्या नावावर

माझ्या मृत्युपत्रासाठी घराचे कागद काढायला कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. त्या वासासरशी मी पंचवीस वर्षं मागे, पिंप्राळ्याच्या आमच्या घरात पोचलो.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्या दुपारी वकील बोलावले होते. आम्ही दोघा भावांनी पुढे भांडू नये म्हणून त्यांना सगळं लिहून ठेवायचं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते ताठ बसले आणि सांगू लागले, "खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. गच्ची दोघांची."

वकिलांनी खरेदीखत वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"आबा, हे घर तुमच्या नावावर नाही."

आबांचा चेहरा पडला. तेवढ्यात आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. ती पिंपळनेरची, माहेरची बोली तिनं कधी सोडली नाही.

"घर मना नाववर शे. तुम्हीच तं करेल शे."

आबा साफ विसरले होते. आम्ही पोट धरून हसलो. वकिलांनी नवा कागद घेतला. "मग अक्का, तुम्ही सांगा."

आई खुर्चीत बसली आणि आबांकडे न बघता म्हणाली, "पयले लिखा, मना मांगे यास्ले या घरमाईन कोनी काढानं नही." वकिलांनी पहिलं कलम लिहिलं: तिच्यामागे आबांना या घरातून कोणी काढायचं नाही.

तेव्हा वाटलं, आईनं आबांची छान जिरवली. आज लक्षात आलं, आबांच्या वाटणीत आईचं नावच नव्हतं.

मी माझा मसुदा उघडला. बायकोचं नाव थेट तिसऱ्या पानावर होतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत मी घाईघाईनं पेन शोधू लागलो.