काचेच्या घराचं मागचं दार

आमच्या विस्कॉन्सिनच्या या नदीकाठी काच पुसावी ती थेल्मा स्कोगेननंच. व्हिनेगर, जुनी वर्तमानपत्रं आणि अखंड बडबड, एवढंच तिचं सामान. ओकच्या राईत प्रेस्कॉटबाईंनी पोलादाचं नि काचेचं घर बांधलं, तेव्हा त्या चौफेर काचा बघून मला घाम फुटला. थेल्माला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. तिला तिथं काम मिळालं आणि बाईंवर तिचा जीवच जडला.

बाई शिकागोच्या, एकट्या. आम्ही शेजारी रीतीप्रमाणे केक घेऊन निघालो. आता आमच्याकडे पुढच्या दारानं पाद्री येतो नाहीतर विक्रेता. शेजाऱ्यानं मागच्या दारानंच जायचं. पण त्या घराला दार एकच, तेही नदीकडे तोंड करून ऐटीत उभं. आत बाई वाचत बसलेल्या. काचेतून बघणं बरं नव्हे म्हणून मान खाली घालून मी दोन फेऱ्या मारल्या आणि केक घेऊन घरी आले. इतरांनीही तेच केलं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ऑक्टोबरात घरापुढं ‘विकणे आहे’ची पाटी लागली. थेल्मानं काच पुसणं थांबवून बाईंना कारण विचारलं.

“लोक प्राणिसंग्रहालय बघितल्यासारखे फेऱ्या मारून जातात,” बाई म्हणाल्या. “एकानंही दार वाजवलं नाही, थेल्मा.”

थेल्मा मटकन खाली बसली आणि हसत सुटली. “अहो बाई, ते तुम्हाला बघायला नाही फिरत. मागचं दार शोधतात बिचारे.”

“मागचं दार नाहीच आहे.”

“मग करू की.”

त्याच दुपारी तिनं त्या ऐटबाज दारापाशी, आमच्या मागच्या दारांशी असतात तसे, नवऱ्याचे चिखलाचे बूट, झिजलेला झाडू आणि फाटकं पायपुसणं मांडलं. आर्किटेक्टनं पाहिलं असतं तर त्याला भोवळच आली असती. शनिवारपर्यंत बाईंकडे चार केक जमले. पहिला माझा होता, आणि कॉफी पीत आम्ही अंधार पडेतो बोलत बसलो. इतकं मी नवऱ्याशी वर्षभरात बोलत नाही.

सोमवारी माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. बाहेर बाई उभ्या. हातात माझंच ताट, त्यात एका बाजूनं करपलेला केक. मी भीत भीत विकण्याचं विचारलं.

“पाटी काढली,” त्या म्हणाल्या. “नाहीतर पुढच्या दारानं आले असते.”