पेताड कागद

कागदाचा कोपरा जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "पेताड आहे. नको." आमच्या चाचांची कागद निवडायची ही तऱ्हा. चिंचवडचा स्टेशनरीवाला कपाळाला हात लावायचा. "चाचा, उष्टं केलंत, आता घ्या तरी!"

चाचा आमच्या कारखान्यात गेटपासचे फोटो काढायचे, मी तिथेच ड्रॉइंग ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी काळेवाडीतल्या खोलीत ते डिंकाचे फोटो छापत. डिंकात काळा रंग आणि प्लेटिंग खात्यातलं नारिंगी मीठ कालवून चित्रकलेच्या जाड कागदावर फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात सोडायचं. ऊन लागलेला रंग राहतो, बाकीचा सुटतो. पण कागद पेताड असला तर सगळाच रंग पिऊन बसतो, पांढरं म्हणून काही उरत नाही. म्हणून आधी कागदाला सरस द्यायचा. "त्याचं पोट आधीच भरून ठेवायचं," चाचा म्हणत. "साधा फोटो पिवळा पडतो. हा नातवंडं बघतील."

रावेतचे एक म्हातारे शेतकरी होते, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा धाकटा पोरगा आमच्या भट्टीवर होता. त्याला ट्रकनं उडवला. पोराचा फोटो एकच, गेटपासचा, तोंडबिंड धुऊन काढलेला. चाचांनी त्याची मोठी निगेटिव्ह केली आणि असा छापला की मी बघतच राहिलो.

म्हातारे न्यायला आले. देव्हाऱ्याशेजारी लावतो म्हणाले. झालं! चाचांनी पुढे केलेला हात थांबवला. "दादा, या कागदात हाडांचा सरस आहे. तुमच्या देवाजवळ चालेल का?"

"न्हाई चालायचं," म्हातारे म्हणाले.

"मग पुढच्या आठवड्यात या. तांदळाच्या खळीवर करून देतो."

ते गेले आणि माझं डोकं फिरलं. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? कागद बोलणार होता का?"

"मला कुणी न सांगता काही खाऊ घातलं तर?"

"अहो, फोटो कुणी खातं का!"

चाचांनी स्टोव्ह पेटवला आणि खळ शिजवायला ठेवली.

पाच कागद वाया गेले. त्या नारिंगी मिठानं चाचांची बोटं फुटली. मला त्या म्हाताऱ्याचाही संताप आला होता. पोरगा गेला आणि याला सोवळं सुचतंय! तुम्हीच सांगा, राग येणार नाही? सहावा जरा बरा निघाला, पण कपाळावर कागद रंग प्यायलाच. भुवयांपर्यंत काळपट डाग.

म्हातारे आले. चाचा मान खाली घालून म्हणाले, "दादा, डाग राहिला. माफ करा."

म्हाताऱ्यांनी फोटोतल्या कपाळावरून अंगठा फिरवला. "डाग कशाचा? भट्टीवरनं यायचा तवा आसाच यायचा. पयल्यात लई गोरागोमटा व्हता, चाचा. त्यो माझा वाटतच न्हवता." आणि ते फोटो छातीशी धरून हुंदके देऊन रडले.

चाचा गेले तेव्हा त्यांचे कागद रद्दीवाल्यानं वजनावर नेले. चांगले, निवडून आणलेले कागद! पहिला छाप मात्र माझ्याकडे आहे. नखाएवढा डाग नाही त्याच्यावर. बघितला की अजून चाचांशी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला चाचा नाहीत.